समुद्र पाहून आलेला देवीदास

सौंसरच्या संत्रा सोसायटीत देवीदास अकरा वर्षं हंगामी होता. हंगामात संत्र्यांची प्रतवारी करायची, हंगाम सरला की घरी बसायचं. सत्त्याऐंशी साली सोसायटीची संत्री सोव्हिएत रशियातल्या रीगा बंदराला निघाली, आणि माल पास करून घ्यायला कोणीतरी जाणं भाग पडलं. अध्यक्ष भगवंतरावांनी आधी स्वतःचंच नाव घातलं होतं. पण तिथे मार्चातही बर्फ असतो असं कळलं, तेव्हा त्यांना एकाएकी कर्मचाऱ्यांना संधी द्यावीशी वाटली.

"पास झाल्याचा कागद आण देवीदास, येत्या बैठकीत तुले पक्का करून टाकतो."

"अन् नापास झाला तं?"

"तं येऊच नको ना बाबू."

रीगाला पोचला तर तपासणी आधीच उरकलेली. दुभाषी लिदियाबाई आकाशवाणीच्या बातम्यांसारखं हिंदी बोलत. त्यांनी शेरा वाचून दाखवला : "फल भीतर से सिकुड़ गया है।" तपासणी साहेबांनी जन्मभर घट्ट सालीची संत्री पाहिलेली. आपल्या संत्र्याची सैल साल अंगठ्याखाली दबली, आणि त्यांनी फळ वाळलं असं ठरवून टाकलं. साहेब सुटीवर गावी गेले होते. सोमवारी शेरा मॉस्कोला जाणार होता.

शनिवारी देवीदासने शहर पाहिलं. चर्चच्या कळसावर कोंबडा होता. लोक रांगेत उभे होते म्हणून तोही उभा राहिला, आणि तासाभराने त्याला बायकांचे मोजे मिळाले.

रविवारी गोदामातली चार संत्री खिशात घालून तो लिदियाबाईंबरोबर साहेबांच्या गावी निघाला. वाटेत सफरचंदाच्या बागा लागल्या, एकाही झाडाला पान नव्हतं.

"ताण लय दिला वाटते यायनं," तो म्हणाला. संत्र्याला बहार यावा म्हणून सौंसरला पाणी तोडून झाडाला ताण देतात, पानं गळेस्तोवर. बर्फ एवढं काम फुकट करतो हे पाहून त्याला हेवा वाटला.

साहेबांच्या बायकोने बाहेर बोट दाखवलं. गावापलीकडे पांढरं सपाट वावर, आणि मधोमध स्टुलावर बसलेला एक माणूस. दोघं निम्म्यात पोचले तेव्हा लिदियाबाई म्हणाल्या, "अब हम समुद्र पर हैं।"

देवीदास जागीच थांबला. जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहत होता, आणि तो बुटाखाली होता.

साहेब बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसले होते. एक हात गळावर, दुसरा खिशात. ऐकायला काही तयार नव्हते. देवीदासने वाद घातला नाही. संत्र्यात अंगठा रोवला, दोन ओढींत साल उतरवली आणि फोड पुढे केली. साहेबांनी गळ न सोडता तोंड उघडलं. दोन संत्री अशी संपली. तिसरं त्यांनी खिशातला हात काढून एकट्या हाताने सोललं आणि सालीकडे बराच वेळ पाहिलं. मग लिदियाबाईंकडचा कागद मागितला, शेरा खोडला आणि लिहिलं : "साल सैल आहे. हा दोष नसून सोय आहे. पास."

सौंसरला बैठक भरली. कागद रशियन भाषेत, त्यामुळे संचालकांनी कागदाऐवजी माणूस तपासायला घेतला.

"समुद्र पाह्यला का?" मोहगावच्या रघुनाथरावांनी विचारलं. ते एकदा मुंबईला जाऊन आले होते.

"पाह्यला जी. वरूनच तं चालत गेलो."

"कायच्या वरून?"

"समुद्राच्या. टणक असते तो तिकडं."

"हा दिल्लीच्या पुढं गेलाच नाही, भगवंतराव! कागदबी तिथंच लिहून आणला असन. मी सोता समुद्र पाह्यला आहे, अन् हा मले शिकवून राहिला!"

भगवंतरावांनी ठरावाच्या वहीवरचा पेन उचलला आणि टोपण लावलं. देवीदास त्या टोपणाकडे पाहत राहिला.

"प्रवासानं डोकं फिरलं जी," तो म्हणाला. "पाणीच होतं. लाटा ह्या एवढ्या." त्याने हात छातीपर्यंत नेला.

"खारं होतं का?"

"लय खारं."

"आता कसा बोलला!"

टोपण निघालं. रघुनाथरावांनी अनुमोदन दिलं आणि लाट केवढी होती ते नीट दाखवायला सांगितलं. सही अजून व्हायची होती. देवीदासने हात डोक्याच्याही वर नेला.