किनाबालूचं फाटक

आम्हा दुसून लोकांची मेलेली माणसं किनाबालूवरच राहायला जातात. त्याच डोंगराच्या फाटकावर मी पहारेकरी आहे.

आज सकाळी लोकिया आत्या सात अंडी घेऊन आली. गेल्या महिन्यात तिचा मुलगा लुमिन वारला. त्याच्यासाठी तिला ती वर ठेवायची होती.

"आत्या, पासाशिवाय सोडता येत नाही. यंदाचे सगळे पास पर्यटकांनी नेलेत."

"लुमिनकडे मागितलास का रे पास?"

ही वाट माझ्याच आज्यानं पाडली, आणि पोटासाठी हा गणवेश मी चढवलाय.

"पुढच्या वर्षी ये. तुझं नाव आधीच घालतो."

तिनं अंडी माझ्या टेबलावर ठेवली.

"पुढच्या वर्षी मला पास लागायचा नाही, बाबा."