दोनशे चौदा नंबरची बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, मला हे नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण ज्या कार्डाला गहिनीनाथांनी पाच महिने उत्तर दिले नाही, ते माझ्याच बुडाखाली पडून होते. तेव्हा मीच सांगायला हवे.

कार्ड पाथर्डीच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या कडूबाईचे होते. तिने ते गुरुजींकडून लिहून घेतले होते : "गहिनीनाथ भाऊ, दुष्काळात बियाचा जोंधळाबी दळून खाल्ला. गावात कुनाकडंच ते बी ऱ्हायलं न्हाई. तुमच्या बरनीतलं दोन वंजळी माघारी द्या. हस्ताला पेरायचं हाय."

'माघारी' का, ते सांगते. १९७० च्या सुगीत आमच्या ज्वारी केंद्राचे बीज-सहायक गहिनीनाथ सायकलवरून गावोगावचे घरचे वाण जमवत हिंडत होते. वाण जपायचे आणि दूरदूरच्या शास्त्रज्ञांना अभ्यासाला द्यायचे, असे काम. मी तेव्हा नवी कोरी, गवतात गुंडाळून त्यांच्या पिशवीत होते. कडूबाईने राख चोळून ठेवलेली ज्वारी सुपात काढली आणि मला पाहून हसली.

"लोनचं घालता का काय, भाऊ?"

"जपून ठेवणार, बाई."

"जपा. पर आमच्यात बी इकत न्हाईत, उसनं देत्यात. माघारी मागितलं तर न्हाई म्हनायचं न्हाई."

"शब्द दिला," गहिनीनाथ म्हणाले. माझ्या चिठ्ठीवर त्यांनी सुरेख अक्षरात तिचे नाव, गाव, रानाची माती, सारे लिहिले. त्या चिठ्ठीचा मला फार अभिमान वाटे.

पुढे केंद्रात नवे साहेब आले. "नावं कशाला? नंबर घाला, सुटसुटीत." गहिनीनाथांना वर मान करून बोलायची सवय नव्हती. त्यांनी आपल्या हातांनी माझी चिठ्ठी भिजवली आणि खरवडून काढली. जुनी नोंदवही रद्दीत गेली. मी दोनशे चौदा झाले. मग माझ्यातले चमचाचमचा दाणे पाकिटांतून कुठेकुठे गेले. कमी पाण्यावर तग धरणारा वाण म्हणून कौतुकाची पत्रे आली, ती साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली गेली. प्रत्येकात माझा नंबर होता. कडूबाई कुठेच नव्हती.

त्र्याहत्तरच्या ज्येष्ठात तिचे कार्ड आले. गहिनीनाथ ते आणि मला घेऊन साहेबांपुढे उभे राहिले.

"पाकिटं संस्थांना जातात, गहिनीनाथ. एकीला दिलं की उद्या सगळं गाव दारात. आणि हे तिचंच कशावरून? बरणीवर नाव आहे का?"

ज्यांनी नाव खरवडले, ते मला उचलून माघारी फिरले. मला ओरडावेसे वाटले. पण बरणीला तोंड असते, आवाज नसतो. कार्ड माझ्याखाली सरकले. हस्त आला, गेला. पेरण्या उरकल्या.

दिवाळीच्या तोंडावर एका दूरच्या संस्थेचे पत्र आले. दोनशे चौदा नंबर उत्तम उगवला. पण तो कुणाच्या रानातला, माती कसली, पेरतात केव्हा, हे कळल्याशिवाय पुढचा अभ्यास होणार नाही. साहेब लगबगीने आमच्या खोलीत आले.

"अहो, हे बी कुणाचं?"

गहिनीनाथ माझ्याकडे पाहत म्हणाले, "तुम्हीच म्हणालात साहेब, नाव नाही."

शिपाई बन्सी खोकल्याचे निमित्त करून हसला.

"तुम्हाला ठाऊक आहे की नाही?"

"आहे. नाव मीच खरवडलंय, विसरेन कसा? लिहून देतो. पण आधी बाईचं बी बाईला जाईल."

साहेबांनी हातातल्या पत्राची घडी केली. "द्या. पण गाजावाजा नको."

मित्रांनो, कुणी विश्वासाने दिलेले जपा, ते चार जणांना वाटा. पण देणाऱ्याचे नावही त्याच्यासोबत जाऊ द्या, आणि त्याने हात पसरण्याआधी त्याचे त्याला द्या. मी दाणे राखले. शब्द राखणे माझ्या हाती नव्हते.

गहिनीनाथांनी मला उलटी करून दोन ओंजळी दाणे कापडी पिशवीत घातले, तोंड शिवले आणि सोबत चिठ्ठी लिहिली : "कडूबाई, हंगाम टळून गेल्यावर बी पाठवतो आहे. उशीर माझ्या भित्रेपणामुळे झाला. पुढच्या हस्ताआधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहा. मोड आले नाहीत, तर बियाला दोष देऊ नका."

बन्सीने पिशवीसाठी हात पुढे केला. गहिनीनाथांनी ती दिली नाही. टोपी घालून ते स्वतःच पोस्टात टाकून आले.