डाव्या आरशातली पायरी

...बटण अजून गरम लागत होतं, म्हणजे बटण नव्हे, तिचा अंगठाच — चार बाजूंना चार बाण असलेलं वाटाण्याएवढं काळं बटण; एरवी जिकडं दाबावं तिकडं आरसा वळायचा, आणि आता कुठंही दाबलं तरी दाराबाहेर नुसती कुरकुर. काच जागची हलेना. रंजीतानं किल्ली काढून खिळ्याला होती तशी अडकवली आणि ड्रायव्हरच्या जागेवरून ती मागं सरकली, तिथं कधी बसलीच नव्हती अशी.

तिच्या नवऱ्याच्या, लोकेशच्या संस्थेला जपानमधून देणगीत आलेली ही गाडी. आत पलंग, शेगडी, ताटाएवढं बेसिन; चाकांवरचं घरच. तो तलावांतल्या मासळीची पाहणी करायचा, आणि चिमूरकडच्या एकेका तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, हे घर मुक्कामाला उभं राहायचं. त्यांच्या तान्ह्या रिंकूला सांभाळायला गोकुळा होती, इथल्याच ढिवरांची, मासेमारांची. उद्या पुढच्या तलावावर तीही येणार होती. तिची पिशवी सकाळपासून दाराशी भरून ठेवलेली.

काय बघत होतीस तू? — हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, तरी रंजीता मनात उत्तरं जुळवत होती. रिंकूला हगवण लागली होती... चिमूरच्या दवाखान्यात तिच्या इवल्या हाताची शीर सापडेना आणि नर्स पुन्हा पुन्हा सुई टोचत राहिली, तेव्हापासून हे सुरू झालं. पोरीला कुणी तलावाचं पाणी पाजलं असेल, चावलेला भात भरवला असेल... कुणी म्हणजे कोण, तर गोकुळाच. दारातून बघितलं तर तिला कळलं असतं. आणि मग एका दुपारी सापडलं की किल्ली एक टप्पा फिरवून डावा आरसा खाली-आत वळवला, की बाजूच्या दाराची पायरी दिसते, पायरीवरची गोकुळा दिसते, तिच्या मांडीवरची रिंकू दिसते. रोज बघितलं. काय दिसलं? उन्हाची तिरीप आली की गोकुळा तळहात पोरीच्या डोळ्यांवर धरायची. एवढंच. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा... बी.एस्सी. झालेली बाई मी, आणि...

आज आरसा काळा होता. गोकुळानं त्याला फडकं बांधलं होतं. काय लपवतेय? — हेच पहिल्यांदा मनात आलं, आणि रंजीता बटण दाबत राहिली, वर, खाली, आत, पुन्हा वर, आत काहीतरी कटकन घसरेपर्यंत. तो आवाज ऐकून गोकुळानं उठून फडकं सोडलं. काच पायरीकडंच रोखलेली. गोकुळानं काचेत पाहिलं, आणि काचेतून तिला रंजीताचे डोळे दिसले. आपल्याला ती दिसते तर तिलाही आपण दिसणारच, एवढी साधी गोष्ट इतक्या दिवसांत... गोकुळानं नजर खाली घेतली आणि पोरीचा चेहरा आपल्या खांद्याकडं वळवला.

लोकेश होडीतून परतला. गाडी पाळीवरून मागं घ्यायची होती, डावीकडं पाणी. त्यानं बटण दाबलं. उजवा आरसा वळला. म्हणजे फ्यूज ठीक. डावा नुसता कुरकुरला.

"करंट येऊन राह्यला. आतली चकरी घसरली. कोणं खेचला याले?"

"म्या फडकं बांधलं होतं भाऊ," गोकुळा म्हणाली. "दात यायच्या आधी लेकराले आरसा दाखवू नाई ना. थे रोज त्याच्यातच पाहे, हासे."

"वा! तुमच्या दातापायी माहा आरसा गेला." तो हसला, पण हसू लगेच विरलं. "मी चिमूरहून फोन करून हापिसाले काय सांगू, पोरीले दात नाई आले म्हणून?"

आता बोल. नुसतं म्हण — मी बटण दाबत होते. एवढंच. पण मग तो विचारेल, काऊन? गाडी उभी असताना आरसा कशाला पाहिजे होता तुले?...

"माह्याच हातानं झालं असंल भाऊ," गोकुळा म्हणाली. रंजीताकडं न बघता.

लोकेशनं बाहेरून तळव्यानं दाबून काच कशीबशी रस्त्याकडं वळवली, आणि टायर बघायच्या निमित्तानं रंजीताला मागं नेऊन खालच्या आवाजात म्हणाला, "हिले पुढं नको नेऊ. तूच सांगून देजो."

तिनं मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली, तिचं तिलाच कळलं नाही.

ती परतली तेव्हा पायरी मोकळी होती. पिशवीही दारात नव्हती. गोकुळा रिंकूला घेऊन गाडीच्या तोंडासमोर, करंजीच्या झाडाच्या सावलीत, समोरच्या मोठ्या काचेच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली होती. पिशवी मांडीला टेकवलेली. रंजीता ड्रायव्हरच्या जागेवर चढताच तिनं विचारलं — आवाजात टोमणा नव्हता, तो असता तर किती बरं झालं असतं —

"इथी बसू का बाई? इथून दिसते ना सारं?"

कुठंही बस ग, म्हणायचं होतं. उद्या ये, म्हणायचं होतं.

"हो," रंजीता म्हणाली.

दिसत होतं. पोरीचं बोळकं, हिरड्यांचं हसू, गोकुळाच्या हातावरचं गोंदण, तिच्यामागं लखलखतं पाणी... सगळं स्वच्छ समोर होतं, आता कशाचाच आडोसा नव्हता, आणि रंजीता मान खाली घालून त्या वाटाण्याएवढ्या काळ्या बटणाकडं बघत राहिली.