हात न पोहोचणारी पट्टी

सकाळी आठ चाळीसला मर्व्ह हॅलिननने शर्ट काढला आणि डॉक्टर ट्रानकडे पाठ केली. बोवेन गावच्या दवाखान्यातली ही त्याची कातडीची वार्षिक तपासणी. मर्व्ह एकाहत्तर वर्षांचा. त्यातले चाळीस उन्हाळे खेकड्यांच्या बोटीवर गेले होते, बहुतेक उघड्या अंगाने.

"उन्हाचं क्रीम लावता ना?"

"रोज. माझ्या जिवावर तर दुकान चाललंय."

"दिसतंय. खांदे छान आहेत." तिचं बोट मणक्यापाशी थांबलं. "इथे मात्र हात पोहोचत नाही तुमचा."

दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताएवढी पट्टी भाजून तपकिरी झाली होती. तिच्या डाव्या अंगाला एक काळा तीळ होता. कड वेडीवाकडी.

"हा कधीपासून आहे?"

"पाठ नोलीन बघायची."

"मग त्यांना विचारा ना. आत्ताच."

त्याची बायको नोलीन सहा वर्षांपूर्वी त्याला सोडून दूर होबार्टला गेली होती. फोन व्हायचा तो नाताळला. त्याने उघड्या अंगानेच नंबर लावला.

"नोलीन, पाठीवरच्या तिळाचं विचारायचं होतं."

"कुठल्या? बरगडीवरचे दोन, कमरेपाशी तो चपटा, मानेखाली तो केस येणारा."

"खांद्यांच्या मध्ये. डावीकडे."

पलीकडे भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

"तिथे काही नव्हतं, मर्व्ह."

"नक्की?"

"बत्तीस वर्षं दर रविवारी बघितलीय ती पाठ. मला शिकवू नकोस." मग जरा खालच्या आवाजात, "आता क्रीम कोण लावतं?"

"मीच."

"आणि शर्ट घालायला काय होतं रे तुला?"

मर्व्ह भिंतीकडे वळला. फोन त्याने कानाशी घट्ट धरला होता.

"बाकीचे परत सांग," तो म्हणाला. "डॉक्टरला लिहून घ्यायचेत."

डॉक्टर ट्रान भुलीचं इंजेक्शन भरत होती. तिने मान वर केली आणि पुन्हा सुईकडे वळली. नोलीन तीळ पुन्हा सांगू लागली; या वेळी सावकाश, एकेक करून.

नऊ वाजून दहा मिनिटांनी तो तीळ कापून तपासणीच्या बाटलीत गेला. अहवाल गुरुवारी मिळणार होता. गुरुवारी दुपारी चारपर्यंत तो आलेला नव्हता. नोलीनचा फोन तोवर दोनदा येऊन गेला होता.