शंकेविना

ऑक्ताव लकुवेच्या लेकीने रविवारी फोनवर 'सां दूत' असं म्हटलं, आणि बुधवार उजाडला तरी म्हाताऱ्याला त्याचा उलगडा होईना. शब्द फ्रेंच, म्हातारा फ्रेंच, लेकही फ्रेंच. शब्दशः घेतलं तर 'शंकेविना'. पण नॉर्मंडीतलं शेंबडं पोरही सांगेल, की 'शंकेविना येतो' म्हणणाऱ्याच्या नावाने ताट वाढू नये. आपल्याकडच्या 'नक्की येतो'चीच ती सख्खी बहीण.

शुक्रवारी गिऱ्हाईक येणार होतं. सफरचंदांची बाग, सफरचंदाच्या दारूचं, म्हणजे सायडरचं कोठार, घर, सगळं घ्यायला तयार. लेक ओदिल नाँत शहरातून परत येऊन बाग सांभाळणार असेल तर विकायचं नाही, नसेल तर विकून मोकळं व्हायचं. झाडं ऑक्तावच्या बापाने लावलेली. विकायच्या विचाराने त्याच्या घशाखाली सूप उतरत नव्हतं.

शेवटी तो केनेलबाईंकडे गेला. बाईंनी ओदिलला शाळेत व्याकरण शिकवलं होतं, आणि निवृत्त झाल्यापासून त्या उरलेल्या गावाला शिकवत होत्या.

"जुन्या काळी याचा अर्थ 'खात्रीने' असाच होता," बाई म्हणाल्या. "वापरून वापरून झिजला. आता नुसतं 'बहुतेक'. खात्री असती तर 'कुठल्याही शंकेविना' म्हणाली असती."

"म्हणजे शंका घालवायला शब्द वाढवायचा?"

"हो."

"मग बहुतेक येईल."

"पण ऑक्ताव, तुम्ही तिला नेमकं विचारलंत काय?"

ऑक्तावने टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हटलं, यंदा फळ दांडगं धरलंय. कुणीतरी हाताशी लागेल."

"आणि?"

"आणि ती म्हणाली, सां दूत."

बाईंना हे नवं नव्हतं. त्याही नॉर्मनच. या मुलखात सरळ विचारणाऱ्याला लोक परगावचा समजतात आणि सरळ 'हो' म्हणणाऱ्याला आजारी. तिथे नवरी माहेरचं कपाट घेऊन सासरी येते; ऑक्तावने लग्नाची मागणीसुद्धा "तुमच्याकडचं कपाट आमच्या दारातून आत येईल का?" अशी घातली होती.

"अहो, मग ती काय चुकीचं बोलली?" बाई म्हणाल्या. "लागेलच की कुणीतरी." त्यांनी फोन त्याच्यापुढे सरकवला. "विचारा, येतेस का म्हणून."

"असं तोंडावर?"

"तिचं तोंड तिकडे नाँतला आहे."

ऑक्तावने विचारलं. भर बाजारात विजार सुटल्यासारखं वाटलं त्याला.



"बागेला माणूस हवंय," ओदिल म्हणाली, "की तुम्हाला मी?"

बाई उठून खिडकीशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या.

"मला तू," ऑक्ताव म्हणाला. त्याचे कान तापले. असलं काही त्याने जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. बायकोलाही नाही, आणि ती तर आता गेलेली.

"दर रविवारी फोन करता, बाबा," ओदिल म्हणाली. "पाऊस सांगता, गायी सांगता. मला वाटायचं, माझ्यावाचून तुमचं काही अडत नाही."

"अडतं," ऑक्ताव म्हणाला.

"मग येतेय मी. कायमची."

ऑक्ताव बाईंच्या खुर्चीत बसला आणि टोपी तोंडावर धरून रडला. बाई खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या.