पाण्याचा रंग

सिस्टर स्पॅनिश शिकायला लागल्या तेव्हा त्यांना एकसष्टावं चालू होतं. बत्तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढल्यामुळे अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची, अगदी घरातले अहोसुद्धा. मुलगा परदेशात खाणीवर इंजिनीअर. त्यानं तिथलीच मुलगी केली, आणि तिला दिवस गेल्यावर "आता तुम्ही दोघं इकडंच या राहायला" असा धोशा लावला. सूनबाईला आई नव्हती, आणि स्पॅनिशशिवाय दुसरी भाषाही येत नव्हती.

क्लासमध्ये सगळी विशीतली पोरं. त्यांच्यात चष्मा सावरत बसलेल्या सिस्टर. शब्द पाठ व्हायचे, पण क्रियापदांनी नाकी नऊ आणले. "काकू, क्रियापदाचं शेपूट चुकलं," शिकवणारी मुलगी रोज म्हणायची. अहोंची गाडी तर 'शुभ प्रभात'च्या पुढे सरकेना; ते संध्याकाळीही तेच म्हणत.

रोज दुपारी चारला सूनबाईचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे तेव्हा सकाळ असायची. दहा मिनिटं सराव, मग हसणं-खिदळणं. बाळंतपणाला अजून आठवडा होता, आणि दोघांची तिकिटं पुढच्या महिन्याची होती.

त्या दिवशी सूनबाई खुर्चीत बसून बोलत होती. अंगाखाली टॉवेल. हसतच तिनं पोटाकडे, मग टॉवेलकडे बोट दाखवलं. "आग्वा," ती म्हणाली, आणि हातानं पाणी वाहिल्यासारखं केलं.

पाणमोट फुटली होती. सिस्टरची पाठ आपोआप ताठ झाली.

"दोलोर?" दुखतंय का?

"नो, नो." सूनबाई निवांत होती. तिनं सांगितलेल्यातलं एवढंच कळलं, की नवरा खाली खाणीत आहे, संध्याकाळी वर येईल, तोवर ती वाट बघणार. 'एस्पेरो.' वाट बघते. हे क्रियापद सिस्टरना पक्कं येत होतं.

कळा नाहीत म्हणून घाई नाही, हे ठीकच. पण एक प्रश्न सिस्टरनी बत्तीस वर्षांत एकाही बाईला विचारायचा सोडला नव्हता.

"कोलोर? आग्वा, कोलोर?" पाण्याचा रंग कोणता?

"आ! वेर्दे."

अहो शेजारी पेपर वाचत होते. सिस्टरनी त्यांचं मनगट इतक्या जोरात धरलं की पेपर खाली पडला.

"वेर्दे म्हणजे हिरवाच ना हो? की पिवळा?"

"मला काय विचारतेस? बघ की वहीत!"

वही बघायला वेळ कुठला? समोरच्या खिडकीतल्या कुंडीतल्या रोपाचं पान तोडून त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरलं. "वेर्दे?"

"सी, वेर्दे." सूनबाईनं मान डोलावली.

म्हणजे बाळानं पोटातच शी केली होती; त्याचा जीव धोक्यात असल्याची खूण. बाळ हलतंय का, हे विचारायला हवं होतं, आणि 'हलणं' हा शब्द काही केल्या आठवेना. आठवला तो नाचण्याचा.

"बेबे... बाइला?" बाळ नाचतंय?

सूनबाई खळखळून हसली. मग पोटावर हात ठेवून थांबली. हसू हळूहळू विरलं. "ओय नो," ती पुटपुटली. आज नाही.

सिस्टरना तिच्या डोळ्यांत भीती शिरताना दिसली. घाबरलेली बाई हातपाय गाळते, हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी वॉर्डातला आवाज काढला; त्या आवाजापुढे डॉक्टरही मुकाट ऐकायचे.

"नो एस्पेरो! आंबुलान्सिया. ओस्पिताल. आओरा!" आत्ता.

शेपूट चुकलं होतं. चुकू दे.

सूनबाईनं काहीतरी भराभर विचारलं. एक अक्षर कळलं नाही. "आओरा!" सिस्टरनी पुन्हा दरडावलं. "बेसिना!" शेजारीण.

तिकडे सूनबाईचा फोन टेबलावर आदळला. पडद्यावर आता नुसतं छत. दार उघडलं, हाका, कुणा बाईचा चढा आवाज, धावपळ. त्यातलं काहीही न कळता दोघं नवरा-बायको त्या छताकडे बघत राहिली. आणि कॉल तुटला.

मुलाचा फोन बंद. खाणीत फोन नेता येत नाही. पाऊण तास, एक तास. अहो येरझाऱ्या घालत होते.

"तुझा काही गैरसमज झाला असेल तर?"

"तर सून मला वेडी म्हणेल. म्हणू दे!" सिस्टर खेकसल्या. पण मनातून त्याच हादरल्या होत्या, कारण बरोबर समजलं असेल तर ते जास्त वाईट होतं.

सव्वासहाला फोन वाजला. मुलगा. खाणीतून त्याला वर बोलावून घेतलं होतं.

"आई, ऑपरेशन केलं. मुलगी झाली. आधी रडलीच नाही गं... मग रडली. काचेच्या पेटीत ठेवलीय. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबली असती तर..."

"सूनबाई कशी आहे?"

"शुद्धीवर आहे. आई, तू तिला नेमकं सांगितलंस तरी काय? ती म्हणते, तू खूप ओरडलीस."

बत्तीस वर्षांत हजारो बाळं हातात घेतली होती, एकदाही रडू आलं नव्हतं. आता फोन कानाशी धरूनच सिस्टर रडायला लागल्या. अहोंनी तो हळूच काढून घेतला आणि मुलाला म्हणाले, "रडतेय तुझी आई. रडू दे थोडी. तू आमची तिकिटं अलीकडची काढ."