देवानंद कसा पडला

"असा नाही पडत माणूस."

कडूबा चहाची किटली घेऊन दारात उभा होता. बोलून गेला आणि स्वतःच दचकला. हॉलमधली पोरं थांबली. गोपालने कागदाच्या लगद्याचा मुखवटा कपाळावर सरकवला. पाच दिवसांपासून एकच प्रसंग बसत नव्हता: शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन भाऊबंदांचं भांडण आणि एकाचा खून. नाटकात कुणी एक शब्द बोलायचा नव्हता, चेहरेही झाकलेले. जे सांगायचं ते अंगाने. आणि गोपाल छातीला हात लावून सिनेमातल्यासारखा कोसळत होता.

"मग कसा पडते, कडूबाभाऊ?" धम्मशीला मॅडमनी विचारलं. खामगावच्या त्या कॉलेजात त्या मराठी शिकवत, नाटकं बसवत. कडूबा तिथला शिपाई.

त्याने किटली खाली ठेवली. "डोक्यात कुऱ्हाडीचा तुंबा, मांगची बोथट बाजू, बसला ना, तर हात वर जातच नाही. पहिले गुडघे जाते. बसल्यावानी होते माणूस. अन् मंग तोंडावर."

त्याने करून दाखवलं. कपाळ फरशीवर आपटलं तसं एक पोरगी किंचाळली. कडूबा उठला नाही. त्याची एक टाच फरशीवर घासत राहिली, तीनदा, चारदा, मग थांबली.

"तुमी पाह्यलं हाय काय असं?" गोपालने हळूच विचारलं.

"नाही," कडूबा म्हणाला.

कोर्टातही तो हेच म्हणाला होता. तेरा वर्षांपूर्वी, बीबी भागातल्या त्याच्या गावात, भर दुपारी, शेजारच्या तुरीत दडून त्याने सगळं पाहिलं होतं. गावातल्या वजनदार शंकररावांनी अशाच धुऱ्याच्या भांडणात देवानंदला आधी लाथ घातली, मग तुंबा घातला. पडल्यावर आणखी दोनदा घातला. देवानंद कडूबाचा लहानपणापासूनचा दोस्त. पोलिसांना त्याने खरं तेच सांगितलं. चौथ्या दिवशी शंकररावांची माणसं गोठ्यात आली, त्याच्यादेखत बैलाचा पाय कुऱ्हाडीने तोडला आणि काही न बोलता निघून गेली. मग साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कडूबा म्हणाला, "मले काही दिसलं नाही." शंकरराव सुटले. देवानंदची बायको चांगुणा समोरच्या बाकावर होती. तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली. त्याच महिन्यात कडूबाने गाव सोडलं.

मॅडमनी मारणाऱ्याचं काम त्यालाच दिलं. त्याने नाही म्हटलं नाही. फक्त महिनाभराने, प्रयोग कुठे कुठे करायचे ते ठरत असताना, तो म्हणाला, "एक माह्या गावात ठेवा, मॅडम." आणि मग दार लावून त्यांना सगळं सांगितलं.

"मार खासान, भाऊ," त्या म्हणाल्या.

"हाव."

ग्रामपंचायतीसमोर दुपारी चारला प्रयोग झाला. शंकरराव पुढच्या खुर्चीत होते. मुखवटा घालून कडूबा आला तो डावा खांदा पाडून, पायाखालची माती तुडवत. शंकरराव तसेच चालायचे. बायकांच्या बाजूची कुजबुज थांबली. लाथ बसली. तुंबा बसला. गोपालचे गुडघे आधी गेले, मग तो तोंडावर आला. वरून आणखी दोन घाव. कडूबाने कुऱ्हाड धोतराला पुसली, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. टाळी वाजली नाही. सगळं गाव पुढच्या खुर्चीकडे बघत होतं. शंकरराव उठले आणि मागे न बघता गेले.

टेम्पोत सामान चढवताना चौघांनी कडूबाला गाठलं. पहिली काठी कोपरावर बसली, हाड मोडल्याचा आवाज गोपालनेही ऐकला. मध्ये पडला म्हणून त्यालाही आडवा केला. "कोनं शिकवलं बे तुले? बोल!" एकाने बुटाची टाच कडूबाच्या तोंडावर दिली. तीन दात गेले. मॅडम ओरडत लोकांना बोलवत होत्या. लोक आले, पण उशिरा.

सरकारी दवाखान्यात हवालदार आला. "कोन होते?"

सुजल्या तोंडाने कडूबाने चारही नावं सांगितली, बापाच्या नावांसकट. मग म्हणाला, "अन् लिहा, देवानंदले शंकररावनं मारलं. म्या पाह्यलं."

"कोर्टानं सोडलं त्याले. आता त्याचं काही होत नसते."

"लिहा तरी."

हवालदाराने चारच नावं लिहिली आणि वही मिटली.

सकाळी चांगुणा आली. केस पांढरे झाले होते. स्टूल ओढून बसली.

"तुमच्या नाटकात कोनी बोलतच नाही," ती म्हणाली. "मले सांगा, ते बोलले होते काय काही?"

कडूबाने डोळे मिटले. "हाक मारली होती."

"कोनाले?"

"मले. कडूबा, धाव, म्हणे. मी तुरीतून हाललो नाही, वहिनी."

ती उठून जाईल असं त्याला वाटलं. ती उठली नाही. पदर डोक्यावर नीट घेतला आणि सलाईनच्या बाटलीकडे बघत बसली. तळाशी बोटभर उरलं, तेव्हा तिने नर्सला आवाज दिला.